संसारांतील शास्त्र : दुसरी किल्ली

या सदरांत आजवर विजेची जोडणी, पाण्याची टाकी, औषधांची पेटी अशा घरगुती विषयांवर मीं लिहिलें. ‘संगणकाविषयींहि एकदां लिहा,’ असें कित्येक वाचकांनीं, व त्यांतहि विशेषेंकरून भगिनींनीं, पत्रद्वारें सुचविलें होतें. मी तें टाळीत आलों. प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, त्या विषयांत आमच्याच घरीं एक मोठी चूक घडलेली होती. आणि स्वतःचें घर सावरल्यावांचून दुसऱ्यास चार शब्द सांगावयास जाणें मला प्रशस्त वाटेना. गेल्या दिवाळींत आमच्या येथें नवा संगणक आला, त्याची सर्व मांडामांड आम्हीं घरच्याच माणसांनीं केली, आणि ती करीत असतां पूर्वीची चूक किती थोड्या श्रमांत टळली असती हेंहि कळलें. तीच हकीकत आज सांगतों.

आमचें घर छत्रपती संभाजीनगरांत, औरंगपुऱ्याच्या बाजूस आहे. माझे थोरले बंधु येथेंच बँकेंत नोकरीस होते. १९८३ सालीं रिझर्व्ह बँकेनें डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालीं बँकांच्या यंत्रीकरणाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली. तिचा अहवाल १९८४ सालीं आला, आणि त्यानंतरच्या वर्षांत सरकारी बँकांच्या शाखांतून खतावणीचें काम करणारीं यंत्रें दिसूं लागलीं. त्यांतील पुष्कळ यंत्रांवर युनिक्स नांवाची कार्यप्रणाली होती. बंधूंची व युनिक्सची ओळख तेथली. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनीं घरीं संगणक घेतला व त्यावर त्याच धर्तीची लिनक्स ही प्रणाली स्वतः बसविली. पुढें बारा वर्षें, सकाळची पूजा आटोपली कीं ते त्यापुढें बसत. घराचा जमाखर्च, कुलवृत्तांतासाठीं जमविलेल्या पिढ्या, आजोबांच्या मोडी कागदांचें बालबोध लिप्यंतर, आणि आमच्या मातुःश्रींच्या तोंडच्या ओव्या, हें सर्व त्यांनीं त्यांत उतरून ठेविलें. ओव्या वहिनींनीं सांगाव्यात व बंधूंनीं लिहाव्यात, असा क्रम असे. कारण लग्न होऊन आल्यावर पहिलीं कांहीं वर्षें मातुःश्रींसमोर जात्यावर बसून त्या वहिनींनाच पाठ झाल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत बंधूंना एका रात्रींत देवाज्ञा झाली. दिवसकार्य उरकल्यावर कुलवृत्तांताचे कागद हवे होते, म्हणून आम्हीं संगणक सुरू केला. तों काळ्या पडद्यावर एकच ओळ उभी राहिली. डिस्कला कुलूप होतें, व तें उघडण्याचा परवलीचा शब्द यंत्र मागत होतें. तो शब्द कोणासच ठाऊक नव्हता. मुलांचीं नांवें, जन्मतारखा, कुलदैवत, जुन्या सायकलचा क्रमांक, जें जें सुचलें तें तें घालून पाहिलें. शहरांतील दोघां जाणत्यांनीं यंत्र तपासलें व ‘इलाज नाहीं’ म्हणून सांगितलें. एका निराळ्या डिस्कवर बंधूंनीं सर्वाची प्रत ठेविली होती. पण तिलाहि तेंच कुलूप, तीच किल्ली. बारा वर्षांचें काम त्या पेटींत आहे, पेटी घरांतच आहे, आणि ती उघडत नाहीं! वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं त्या संगणकावर एक धुतलेलें फडकें घातलें, आणि पुढें रोज सकाळीं त्यावरची धूळ त्या झटकीत राहिल्या.

गेल्या दिवाळींत पुतणी पुण्याहून आली, ती नवा संगणक घेऊनच. ती त्याच व्यवसायांत असल्यामुळें दोन तासांत सर्व मांडून देऊं शकली असती. परंतु ती म्हणाली, ‘‘काका, या खेपेस मी एकटी हात लावणार नाहीं. तुम्ही व आई दोघेंहि शेजारीं बसा. जें मी करीन तें तुम्हांला कळलें पाहिजे, नाहींतर बाबांचें झालें तेंच पुनः होईल.’’ म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही तिघें त्या यंत्रापुढें बसलों. माझ्या हातीं एक कोरी वही होती. तिचा उपयोग पुढें सांगतों.

प्रथम युनिक्स म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्याची जन्मकथा गृहस्थाश्रमी वाचकांस गंमतीची वाटेल. १९६९ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील न्यू जर्सी येथें बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन नांवाचे संशोधक काम करीत होते. त्यांची पत्नी तान्ह्या मुलास घेऊन तीन आठवड्यांसाठीं सासरीं, कॅलिफोर्नियास गेली. आणि घर मोकळें मिळालेल्या त्या तीन आठवड्यांत त्यांनीं पीडीपी-७ या फारशा वापरांत नसलेल्या यंत्रासाठीं एका नव्या कार्यप्रणालीचे मुख्य भाग लिहून काढले. डेनिस रिची हे त्यांचे या कामांतील प्रमुख सहकारी. १९७३ सालीं ही प्रणाली सी या भाषेंत पुनः लिहिण्यांत आली, आणि त्यामुळें ती एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणें सुलभ झालें. १९९१ सालीं फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें त्याच धर्तीवर, परंतु स्वतंत्रपणें, लिनक्सचा गाभा लिहिला. आम्हीं निवडली ती डेबियन ही लिनक्सचीच एक मांडणी. इयान मर्डॉक यांनीं १९९३ सालीं ती सुरू केली व डेब्रा या आपल्या वाग्दत्त मैत्रिणीचें नांव आधीं व स्वतःचें नंतर घालून तिचें नांव सिद्ध केलें. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीहि डेबियनच्याच पायावर उभारलेली आहे. डेबियनला मोल पडत नाहीं.

युनिक्सचा मुख्य विशेष असा कीं, एकच यंत्र अनेक माणसें वापरणार, हें त्यांत आरंभापासूनच गृहीत धरलेलें आहे. कोणाचें काय, कोणीं काय पाहावें, कोणीं कशास हात लावूं नये, हें सर्व त्यांत आधींच ठरवावें लागतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ही व्यवस्था समजावयास वेळ लागत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रणाली दुसऱ्या एका संगणकावर उतरून घेऊन पेनड्राइव्हवर घालावयाची असते. परंतु त्यापूर्वीं ती अस्सल आहे कीं नाहीं, याचा पडताळा पाहावा. प्रणालीच्या कर्त्यांनीं तिच्याबरोबर चौसष्ट अक्षरांची एक खूण प्रसिद्ध केलेली असते. उतरून घेतलेल्या फाइलवरून आपल्या यंत्रानें तीच खूण काढून दाखविली पाहिजे. फाइलींत एका अक्षराचा फरक असला तरी खूण सर्वस्वी निराळी येते. वाण्याकडून आणलेलें तूप आपण वास घेतल्याशिवाय डब्यांत ओतीत नाहीं, तसेंच हें आहे. पुतणीनें खूण वाचावी व वहिनींनीं ती पडद्यावर ताडून पाहावी, अशा रीतीनें आम्हीं हें केलें.

दुसरी गोष्ट डिस्कच्या वांटणीची. प्रणाली एका भागावर व घरच्या माणसांचे कागद दुसऱ्या भागावर ठेवावेत. या दुसऱ्या भागास ‘होम’ म्हणजे घर असेंच नांव आहे. पुढेंमागें प्रणाली बिघडली वा जुनी झाली, तर पहिला भाग पुसून नवा बसवितां येतो व दुसऱ्यास धक्का लागत नाहीं. स्वयंपाकघर पाडून नवें बांधतांना देवघर जसेंच्या तसें राहावें, तशी ही योजना आहे.

तिसरी गोष्ट घड्याळाची. युनिक्स काळ मोजतो तो १ जानेवारी १९७० च्या ग्रीनविच मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले त्यावरून. आपल्याकडे त्या वेळीं पहाटेचे साडेपांच वाजले होते. म्हणून मांडणी करतांना आपण कोणत्या प्रदेशाची वेळ पाळतों हें यंत्रास सांगावें लागतें. भारतासाठीं त्या यादींत कोलकाता हें शहर निवडावें. जुन्या यंत्रांत हे सेकंद ठेवावयास जागा तोकडी होती, व ती १९ जानेवारी २०३८ रोजीं सकाळीं पावणेनऊच्या सुमारास भरून जाणार आहे. नव्या यंत्रांत ती पुष्कळ मोठी केलेली असल्यानें चिंतेचें कारण नाहीं. मात्र कोणाच्या घरीं जुना संगणक कामांत असेल, त्यांनीं ही तारीख ध्यानांत ठेवावी.

चौथी गोष्ट भाषेची. वहिनींना इंग्रजी वाचतां येतें. पण आपल्या घरच्या यंत्रानें आपल्याशीं इंग्रजींत कां बोलावें, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. तो रास्तच आहे. डेबियन बसवितांना आरंभींच मराठी निवडतां येते. देवनागरी लिपीस युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतांत १२८ जागा दिलेल्या आहेत. मोडी लिपीसहि २०१४ सालीं त्यांत स्वतंत्र स्थान मिळालें. हे संकेत साठविण्याची जी यूटीएफ-८ नांवाची पद्धत आज सर्वत्र चालते, तिचा आराखडाहि १९९२ सालीं याच थॉम्प्सन यांनीं, रॉब पाइक यांच्यासमवेत, एका उपाहारगृहांत जेवणाच्या टेबलावरील कागदावर मांडला होता. टंकलेखनासाठीं आम्हीं इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड ठेविला. त्यांत स्वर डाव्या हातास व व्यंजनें उजव्या हातास येतात, त्यामुळें बाराखडी जाणणाऱ्यास तो आठवड्याभरांत साधतो. वहिनींना तो पांच दिवसांत साधला.

येथवर सर्व सुरळीत झालें. यानंतर अधिकारांचा विषय निघाला, आणि मी थोडा अडखळलों. युनिक्सवर ‘रूट’ म्हणजे मूळ नांवाचा एक सर्वाधिकारी असतो. त्यास कांहींच मना नाहीं. तो कोणाचीहि फाइल वाचूं शकतो, पुसूं शकतो, सारी प्रणाली एका आज्ञेसरशीं नष्ट करूं शकतो. मी घरांत आतां वडील. तेव्हां रूटचा परवलीचा शब्द माझ्याकडे असावा व मीं त्याच नांवानें बसावें, असें मला स्वाभाविकच वाटलें. मीं तसें बोलूनहि दाखविलें. पुतणी हंसली नाहीं. ती म्हणाली, ‘‘काका, रूट म्हणून रोज कोणींच बसावयाचें नसतें, मीसुद्धां बसत नाहीं. चूक सर्वांकडून होते, आणि रूटची चूक आवरतां येत नाहीं.’’

त्याऐवजीं जी रीत आहे ती अशी. डेबियन बसवितांना रूटच्या परवलीची जागा रिकामी सोडावी. मग रूटचें दार बंद राहतें, आणि जें पहिलें खातें आपण उघडतों त्यास ‘सुडो’ या शब्दाच्या साहाय्यानें तेवढ्या एका आज्ञेपुरता सर्वाधिकार मागून घेतां येतो. काम झालें कीं अधिकार परत. शिवाय कोणीं, केव्हां, कोणती आज्ञा दिली, याची नोंद यंत्र ठेवितें. हा अधिकार आम्हीं दोघांस दिला, मला व वहिनींना. पूर्वीच्या घरांत कोठीच्या किल्ल्या आजीच्या कमरेस असत. पण आजी त्या घेऊन दिवसभर कोठींत बसत नसे, लागेल तेव्हां उघडून पुनः कुलूप लावीत असे. सुडोचा मार्ग तोच आहे.

घरांतील इतरांचीं खातीं निरनिराळीं उघडलीं व त्या सर्वांचा ‘घर’ नांवाचा एक गट केला. प्रत्येक फाइलीस युनिक्स तीन प्रश्न विचारतो: धन्यानें काय करावें, गटानें काय करावें, परक्यानें काय करावें? आणि उत्तरें तीन अंकांत द्यावयाचीं असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालविण्याचा १. फोल्डर असेल तर हा १ म्हणजे आंत शिरण्याची मुभा. यांची बेरीज मांडावी. वहिनींच्या ओव्यांच्या फोल्डरास ७५० हे अंक दिले. म्हणजे वहिनींस पूर्ण अधिकार, घरच्यांस आंत जाऊन पाहण्याची मोकळीक, परक्यास कांहीं नाहीं. जमाखर्चास ७७०, कारण तो घरांतील कोणींहि लिहावा. यावर वहिनींनीं विचारलें, ‘‘माझी एक वही मलाच दिसेल, अशी ठेवतां येईल का?’’ ‘‘७०० दे, आई, पण सुडो असलेल्या माणसास ती उघडतां येतेच, हें ठाऊक असूं दे,’’ असें पुतणीनें स्पष्ट सांगितलें. वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें. ‘‘भावोजी उघडणार नाहींत,’’ त्या म्हणाल्या, आणि ७०० हा अंक त्यांनीं स्वतःच्या हातानें घातला. यंत्र अधिकार वांटूं शकतें. त्यापलीकडचा विश्वास घरच्या माणसांनींच सांभाळावयाचा असतो.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. परवलीचा शब्द हरवणें दोन प्रकारचें असतें, व त्यांतील भेद प्रत्येक घरांत माहीत असावा. केवळ खात्याचा शब्द विसरला असेल, तर घाबरण्याचें कारण नाहीं; यंत्रापाशीं बसलेला जाणता मनुष्य तो बदलून देऊं शकतो व आंतील कागद सुखरूप राहतात. परंतु सबंध डिस्कच कूटबद्ध केलेली असेल, तर तीवरील प्रत्येक अक्षर त्या शब्दाच्या आधारें उलगडत असतें. शब्द गेला कीं उरतो तो निरर्थक अंकांचा ढीग. तो उलगडण्याची युक्ति कोणापाशींहि नसते, आणि ती नसावी म्हणूनच ही पद्धत योजिलेली आहे. बंधूंनीं डिस्क चोरीस जाईल, दुरुस्तीस परक्या हातीं पडेल, या धास्तीनें तसें केलें होतें. बँकेंत आयुष्य घालविलेल्या माणसाची ती सावधगिरी होती. तींत वावगें कांहीं नव्हतें.

पुतणीनें नव्या डिस्कलाहि तसेंच कुलूप लावावयास घेतलें, तेव्हां वहिनींच्या चेहऱ्यावरील रंग पालटला. तें पाहून ती थांबली व समजावूं लागली. लिनक्सवर या कामासाठीं ‘लक्स’ नांवाची जी पद्धत आहे, तींत खरी किल्ली यंत्र स्वतःच घडवितें व डिस्कच्या आरंभीं एका पेटींत ठेवितें. आपला परवलीचा शब्द उघडतो तो त्या पेटीचें झांकण. आणि त्या पेटीस झांकणें एकाहून अधिक असतात: पहिल्या आवृत्तींत आठ, आतांच्या आवृत्तींत बत्तीसपर्यंत. म्हणजे एकाच कुलुपास निरनिराळ्या माणसांच्या निरनिराळ्या किल्ल्या चालतात. एकाची दुसऱ्यास सांगावी लागत नाहीं. एक काढून टाकली तरी दुसरी चालूच राहते. नवी किल्ली जोडावयास एक आज्ञा पुरते; वेळ एक मिनिट.

वहिनी क्षणभर गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे ह्यांनाहि माझी किल्ली करतां आली असती?’’

‘‘हो, आई.’’

‘‘ह्यांना तें ठाऊक असेल?’’

‘‘असेल. राहून गेलें असेल.’’

खोलींत कोणीच बोलेना. बाहेर औरंगपुऱ्याच्या रस्त्यावर फटाक्यांची एक माळ वाजून विझली. मग वहिनींनीं चष्मा पुसला व म्हणाल्या, ‘‘मग आतां आधीं माझी कर. भावोजींची नंतर.’’

तसेंच केलें. पहिली किल्ली वहिनींची, दुसरी माझी, तिसरी पुतणीची. चौथी कागदावर लिहून, पाकिटांत घालून, लाख लावून, सोन्यानाण्याच्या पेटींत ठेविली. वाचकांस सांगावयाचें तें हेंच: कुलूप लावूं नका, असें मी म्हणत नाहीं. ज्यांच्या घरीं लपविण्यासारखें कांहीं नाहीं, त्यांनीं डिस्कला कुलूप न लावलें तरी चालेल. परंतु जो लावील त्यानें त्याच बैठकींत, यंत्रापुढून उठण्यापूर्वीं, दुसरी किल्ली करून ती दुसऱ्या माणसाच्या हातीं द्यावी. ‘उद्यां करूं’ म्हणूं नये. किल्लीसाठीं परस्परांशीं संबंध नसलेले पांचसहा साधे शब्द निवडावेत. देवाचें नांव, जन्मतारीख, मोटारीचा क्रमांक हे शब्द परक्यासहि सुचतात. आणि ती जी आरंभींची पेटी, तिची प्रत ‘क्रिप्टसेटअप’ या आज्ञेनें काढून निराळ्या ठिकाणीं जपावी. कारण डिस्कचा तेवढाच भाग बिघडला, तर सगळ्या किल्ल्या हातांत असूनहि दार उघडत नाहीं.

शेवटीं उरलें तें प्रतीचें, जिला हल्लीं सर्वजण बॅकअप म्हणतात. मूळ मिळून एकंदर तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी घराबाहेर असावी, असा जाणत्यांचा दंडक आहे. आमची बाहेरची प्रत पुण्यास पुतणीच्या घरीं असते. रोजची प्रत ‘आर-सिंक’ ही आज्ञा काढते; ती सर्व फाइली पुनः पुनः न उतरतां जेवढें बदललें तेवढेंच उतरून घेते. मात्र एकाच प्रतीवर विसंबूं नये. आज चुकून पुसलेलें उद्यां प्रतींतूनहि पुसलें जाईल, म्हणून आम्हीं सात वारांचीं सात फोल्डरें ठेविलीं आहेत. वेळेवर आठवण करण्याचें काम ‘क्रॉन’ नांवाच्या सेवकाकडे असतें. पंचांगास जशीं तिथि, वार, नक्षत्र, योग व करण हीं पांच अंगें, तशीं क्रॉनलाहि पांचच: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. ३०, २१ आणि पुढें तीन तारका असें लिहिलें, कीं रोज रात्रीं साडेनऊ वाजतां काम आपोआप होतें. तारकेचा अर्थ ‘कोणताहि’. तेवढ्या वेळीं प्रतीची डिस्क जोडलेली असावी, आणि आमच्याकडे वळवाच्या वादळांत वीज जाते तशी जेथें जात असेल तेथें यूपीएसवांचून संगणक चालवूं नये.

प्रत निघाली एवढ्यानें समाधान मानूं नये. ती परत आणून पाहावी. पुतणीनें मूळ फोल्डरांतील फाइलींची यादी एका आज्ञेनें काढली व ती सरळ मोजणाऱ्या दुसऱ्या आज्ञेंत सोडली. प्रतीचेंहि तसेंच केलें. दोन्ही आंकडे जुळले. एका आज्ञेचें फळ दुसरींत सोडण्याच्या या रीतीस युनिक्समध्यें ‘पाइप’ म्हणजे नळ म्हणतात. १९७३ सालीं ती प्रथम त्यांत आली. आमच्या शहरांतील माणसास ती नवी वाटूं नये. मलिक अंबरानें खडकीसाठीं बांधलेली नहर, किंवा डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून जातें फिरविणारी पाणचक्की, यांत हाच विचार आहे: प्रत्येक टप्प्यानें एकच काम करावें व पाणी पुढच्याकडे द्यावें. आंकडे जुळल्यावर वहिनींनीं एक फाइल मुद्दाम पुसली व प्रतींतून ती परत आणली. त्यानंतरच आम्हीं चहा घेतला.

आतां त्या कोऱ्या वहीविषयीं. मांडणी करतांना जें जें केलें तें तें मीं तींत तारखेनिशीं लिहिलें: डिस्कचे भाग किती, खातीं कोणाचीं, प्रत केव्हां निघते, बाहेरची डिस्क कोणाकडे, किल्ल्यांचें पाकीट कोठें. परवलीचे शब्द वहींत नाहींत. ते जेथें आहेत ती जागा मात्र आहे. ही वही दप्तराच्या कपाटांत, मृत्युपत्राशेजारीं असते. मी नसतांना ती उघडून कोणाहि शहाण्या माणसास पुढें जातां येईल, एवढें तींत आहे. दर वर्षीं पाडव्यास तींतील प्रत्येक ओळ खरी आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें ठरविलें आहे.

बंधूंचा जुना संगणक अद्यापि कोपऱ्यांत आहे. त्यावरचें फडकें तसेंच आहे. तो उघडेल अशी आशा मी कोणास दाखवीत नाहीं. वहिनी मात्र रोज सकाळीं, बंधु बसत त्याच वेळीं, नव्या यंत्रापुढें बसतात. आठवेल तशी एकेक ओवी त्या लिहितात. कधीं एक चरण आठवतो, दुसरा चार दिवसांनीं येतो. काल त्यांनीं मला बोलावून दाखविलें, तेव्हां एकशें सत्तावीस झाल्या होत्या. पूर्वीं चारशेंच्या वर होत्या, असें त्या सांगतात. राहिलेल्यांपैकीं कांहीं येतील, कांहीं यावयाच्या नाहींत.

वाचकहो, आपल्या घरींहि असें एखादें यंत्र असेल, व त्याचा परवलीचा शब्द एकाच माणसास ठाऊक असेल. तो मनुष्य घरांतील सर्वांत कर्तबगार व काळजीवाहू असण्याचाच संभव अधिक. म्हणूनच तर सारें त्याच्याकडे असतें. आज रात्रीं जेवणें झाल्यावर त्यास हा लेख वाचून दाखवा, आणि दुसरी किल्ली करावयास लावा. एक मिनिट लागतें.